उंबरातली हिरवी माशी

माझ्या वडिलांना एक खोड होती. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी ते त्यावर फुंकर मारत. शिलाई मशीन असो, रेडिओ असो, सायकलची चेन असो, आधी तोंड जवळ न्यायचं, फू करायचं, मग हात. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. तीस वर्षं पॉवरलूमवर काढलेला माणूस. मागावर धाग्यांचा बारीक भुगा सारखा बसत असतो, आणि तो उडवल्याशिवाय आत काय बिघडलंय ते दिसत नाही. माय म्हणायची, "देवापुढच्या समईला तेवढं सोडा म्हणजे झालं." ते हसायचे. या खोडीमुळे आमच्या घरात पुढे जे झालं ते मला सांगायचं आहे, आणि ते सांगताना मी स्वतःला सोडणार नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही सुरतेला लिंबायतमध्ये राहत होतो. दोन खोल्या, आणि गल्लीच्या पलीकडे चोवीस मागांची शेड. वडील, म्हणजे आमचे नाना, त्याच शेडमध्ये मास्टर होते. बिघडलेला माग चालू करून देणं हे त्यांचं काम. माय घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. गठ्ठा यायचा, ती छोट्या कातरीने एकेक साडी साफ करायची. मी एका फोटो स्टुडिओत होतो. पासपोर्टचे फोटो, लग्नं, मुंजी, आणि गिऱ्हाईक नसलं की फरशी पुसणं. शिकण्यात डोकं होतं ते माझ्या धाकट्या बहिणीला. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती आणि घरभर काड्यापेट्यांमध्ये किडे भरून ठेवत होती. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. इथे मी ती पुस्तकी मराठीत लिहितो आहे, कारण तशीच्या तशी लिहिली तर माझी मुलंसुद्धा वाचणार नाहीत.

नाना कानाने जवळजवळ गेलेले होते. शेडमधले बहुतेक सगळेच असे होतात. पण मागावरच्या माणसाला ओठ वाचता येतात, कारण त्या खडखडाटात दुसरा इलाज नसतो. त्यांचा उजवा डोळा मी लहान असताना गेला होता. मागातून आडवा धागा नेणारा धोटा उडाला आणि लागला. डाव्या डोळ्यावर सगळा कारभार. त्याही डोळ्याला हल्ली पाणी यायचं.

बमरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गिरणीच्या भिंतीला उंबराचं झाड होतं. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, ओरबाडायचं नाही, अशी मायची सक्त ताकीद. म्हणून धाकटी खाली पडलेली उंबरं वेचून आणायची. उंबर फोडलं की आत किडे असतात हे कुणाला सांगायला नको, आपण ते झटकतो आणि विसरतो. ही बया एकेक किडा सुईने वेगळा करायची. एकदा तिला एक माशी मिळाली. तिळाएवढी, मागे केसासारखी लांब शेपटी. नुसत्या डोळ्यांना काळी दिसायची. कॉलेजातून दोन दिवसांसाठी मागून आणलेल्या मायक्रोस्कोपखाली तिने ती पाहिली आणि उठून नाचायलाच लागली. ती म्हणाली, तिची पाठ मोराच्या मानेसारखी आहे, हिरवी-निळी, आणि त्यावर घडवल्यासारखे खड्डे खड्डे आहेत.

नाना तेव्हा ड्युटीवर निघाले होते. घरात ती एकटीच त्यांना अरे-तुरे करायची. त्यांच्यापुढे जाऊन, ओठ दिसतील अशी उभी राहून म्हणाली, "नाना, एक मिनिट ये ना. बघ तरी."

नाना चपला घालत होते. म्हणाले, "आल्यावर बघतो."

संध्याकाळी ते आले तेव्हा तिला ताप भरला होता. कावीळ निघाली. भाद्रपद संपायच्या आत ती गेली. मायक्रोस्कोप तिच्या मैत्रिणीने परत नेऊन दिला. काड्यापेट्या राहिल्या.

दिवस झाल्यावर महिनाभराने नाना माझ्यापुढे येऊन बसले. हातात ती काड्यापेटी. आत कागदाच्या छोट्या त्रिकोणी टोकाला गोंदाने चिकटवलेली ती माशी. म्हणाले, "माले दखाड." मला दाखव. बस, एवढंच.

आधी मी त्यांना कॉलेजात घेऊन गेलो. तिथले सर भला माणूस, त्यांनी मायक्रोस्कोप लावून दिला, खुर्ची दिली. नाना डावा डोळा लावून बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. डोळ्याला पाणी येत होतं, मान हलत होती. शेवटी म्हणाले, काळे काळे गज दिसतात. सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ते त्यांच्या स्वतःच्या पापण्यांचे केस आहेत. मला रडू फुटलं असतं. रिक्षात नाना एवढंच म्हणाले की मोठा फोटो काढता येतो का, हातात धरून बघता येईल असा. तू तर फोटोवाला आहेस.

फोटोवाला! नवरदेवाचा फेटा नीट करणारा मी. पण नाही कसं म्हणणार?

स्टुडिओच्या मालकांनी जुना कॅमेरा वापरायला दिला. लेन्स उलटी लावली की ती भिंगाचं काम करते, हे मला ठाऊक होतं. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधलं अंतर वाढवलं की चित्र मोठं होतं, म्हणून काळ्या रेक्झिनचा घड्यांचा भाता शिवला. तो मायनेच शिवला, नानांनी मशीनवर फुंकर मारून दिल्यावर. तिळाएवढी माशी त्यातून बघितली तर पूर्ण चौकट भरत होती. मी खूश. आणि मग कळलं की खरी गोम वेगळीच आहे. एवढ्या जवळून बघताना जेमतेम केसाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट दिसतो. डोळा साफ आला तर पाठ धुरात. पाठ आली तर पाय गायब. लेन्सचं भोक बारीक करावं तर सगळंच पुसट आणि अंधारं.

मी नानांना हे समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, मग काय हलवतोस? मी म्हटलं, कॅमेरा थोडा थोडा खाली आणतो. त्यांनी मान हलवली. म्हणाले, माग हलत नाही, कापड हलतं. कॅमेरा पक्का कर. माशी वर उचल.

पुढच्या रविवारी ते एक लोखंडी प्रकरण घेऊन आले. मागावर विणलेलं कापड गुंडाळायला एक दातेरी चाक असतं. एक धागा विणला की चाक एक दात पुढे जातं, मागे येत नाही. भंगारातलं तसलं चाक त्यांनी बारीक आट्यांच्या स्क्रूला जोडलं होतं आणि स्क्रूच्या डोक्यावर रुपयाएवढी पितळी चकती. एक दात फिरवला की चकती इतकी कमी वर यायची की डोळ्याला कळायचंही नाही. "एक दात, एक फोटो," नाना म्हणाले. धाकटी गेल्यानंतर त्यांच्या तोंडावर काहीतरी पहिल्यांदाच हललं. मला बरं वाटलं.

पण गल्लीपलीकडे चोवीस माग. आमची फरशी दिवसरात्र थरथरायची. पेल्यातलं पाणी कधी स्थिर बघितलेलं मला आठवत नाही. केसाच्या जाडीचा मामला, आणि खाली जमीन हलतेय! माग थांबायचे ते फक्त पाळी बदलताना, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दहा-बारा मिनिटं. तेवढ्यात काम उरकायचं. संध्याकाळी नाना शेडमधून तडक यायचे, चप्पल बाहेर, आणि तळहात टेबलावर ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. मला ऐकून वाटायचं की बंद झाले. ते मान हलवायचे, अजून दोन चालू आहेत, अकरावा आणि शेवटचा. मग म्हणायचे, "बंद व्हयनात." बंद झाले. मी शटरची तार दाबायचो. बहिरा माणूस हाताने ऐकत होता, आणि मी दोन चांगले कान घेऊन चुकत होतो.

अशा चार संध्याकाळी मिळून अकरा फोटो झाले. अकरा दात. मधल्या वेळात माशी जागची हलवायची नाही, म्हणून तिच्यावर काचेचा पेला पालथा घालून ठेवायचो. रोल धुऊन आला आणि मी कपाळाला हात लावला. अकरापैकी एकही फोटो पूर्ण नव्हता. प्रत्येकात एक पट्टी लख्ख, बाकी सगळं पुसलेलं. हे होणार हे मला माहीत होतं, ती चाचणीच होती, माशीचं टोक कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे कळायला. तरी नानांना ते दाखवायची लाज वाटली. पाकीट मायच्या कपाटात टाकून दिलं.

खरा फोटो वेगळ्या रीतीने काढायचा होता. स्टुडिओतल्या एका जुन्या मासिकात मी वाचलं होतं की पूर्ण अंधार करायचा, बाजूने प्रकाशाची एकच पातळ चीर सोडायची, नेमकी जिथे लेन्सला साफ दिसतं तिथे. कॅमेऱ्याचा पडदा उघडाच ठेवायचा आणि किडा हळूहळू त्या चिरेतून वर न्यायचा. जेवढं साफ तेवढंच उजळणार, धूसर ते अंधारात राहणार. एकाच फिल्मवर सगळी माशी, शेंडीपासून शेपटीपर्यंत. स्लाइड प्रोजेक्टरच्या तोंडावर दोन ब्लेडची पाती जवळजवळ चिकटवून मी ती चीर केली, पलीकडच्या बाजूवरही उजेड पडावा म्हणून समोर आरसा ठेवला. फक्त यात दहा मिनिटं पुरणार नव्हती. तास-दोन तास जमीन गप्प हवी होती.

दिवाळी उलटून गेली होती. तशी गप्प ती आता व्हायची होती आखाजीलाच. अक्षय तृतीयेला आमचा अख्खा खानदेश गावाकडे पळतो. त्या शेडमध्ये सगळे आपलेच लोक, त्यामुळे माग तीन दिवस मुके. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमच्याकडे त्या वर्षी कोण येणार होतं? आम्ही गावाला गेलोच नाही. मायने सकाळी धाकटीच्या नावाने घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं.

दुपारी मी खिडक्यांवर आणि दारावर गोधड्या टांगल्या. माय उंबऱ्याबाहेर बसली, कुणी दार ढकलू नये म्हणून. नानांनी तळहात टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्यांना ती शांतता हाताला नवीन लागत असावी. प्रोजेक्टर लावला. मी पेला उचलला. चकतीवर माशी होती, चिरेच्या खाली, जागच्या जागी. शटरची तार माझ्या हातात. नानांना खूण केली, सुरू करा.

नाना दातेरी चाकाकडे वाकले. तोंड जवळ नेलं.

आणि फू केलं.

त्यांना स्वतःला कळलंच नाही. त्यांनी चाकाचा पहिला दात फिरवला, मग दुसरा, मग वर बघितलं. मी दिवा लावला. कागदाचं टोक तसंच होतं. त्यावर काही नव्हतं. वाळलेल्या गोंदाचा डाग तेवढा राहिला होता.

आम्ही फरशीवर गुडघे टेकून शोधलं. पांढरी चादर अंथरून तिच्यावर टेबल झटकलं, कुंच्याने कोपरे काढले. आणि देवाची थट्टा बघा, मायच्या कामामुळे त्या घरात जागोजागी साड्यांच्या जरीचा, टिकल्यांचा चुरा पडलेला. हिरवा, निळा, मोरपंखी. प्रत्येक चमक तीच वाटायची. नाना ते कण एकेक करून बोटावर घेऊन माझ्यापुढे धरत होते. ही? नाही. ही? नाही. असं किती वेळा झालं कोण जाणे. एका वेळी त्यांनी अशीच टिकली पुढे केली आणि माझा तोल गेला.

मी म्हणालो, "जिवंत होती तेव्हा बघायला एक मिनिट नव्हतं. आता राहिली होती तीही फुंकून टाकलीत."

मोठ्याने म्हणालो नाही. दात-ओठ खात, पुटपुटल्यासारखं. दुसऱ्या बहिऱ्या माणसाला ते कळलं नसतं. पण मी त्यांच्या समोर होतो, दिवा माझ्या तोंडावर होता, आणि मागावरच्या माणसाला ओठ वाचता येतात हे मी तेवढ्यापुरतं विसरलो. नानांनी बोटावरची टिकली चादरीवर ठेवली. उठले, दारावरची गोधडी बाजूला करून बाहेर गेले. त्यांनी फुंकर मारली ती तीस वर्षांच्या सवयीने. मी जे बोललो ते कुठल्या सवयीने, हे मी आजही स्वतःला विचारतो.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. पण बहिऱ्या माणसाकडे एक सोय असते. ऐकायचं नसेल तर तो नुसती मान खाली घालतो. मी समोर उभा राहिलो की नाना ताटात बघायचे, चपलेत बघायचे, भिंतीकडे बघायचे. रागावले होते असं नाही. पाणी द्यायचे, छत्री ने म्हणायचे. फक्त माझ्या तोंडाकडे बघायचे नाहीत. ते लोखंडी प्रकरण त्यांनी कापडात गुंडाळून पलंगाखाली सरकवलं.

असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एके दुपारी मायने कपाटातलं ते पाकीट माझ्यापुढे ठेवलं. अकरा फोटो तिने चटईवर ओळीने मांडले होते.

"याच्यात डोळा साफ आहे," ती म्हणाली. "याच्यात मान. याच्यात पाठीचं वरचं. हे बघ, पंखाची शीर. सगळी आहे की रे ती. एका जागी नाही, एवढंच."

मी म्हटलं, "माय, ते चाचणीचे आहेत. त्याचा काही उपयोग नाही."

"तू फोटो काढणारा. कापायचं काम माझं आहे," ती म्हणाली. "मोठे करून आण. सगळे, एकसारखे."

मी चरफडत गेलो. स्टुडिओच्या मालकांनी काही न विचारता अकराही फोटो मोठे करून दिले. प्रत्येक वहीच्या दुप्पट. माय रोज दुपारी साड्यांचं काम आटोपलं की ते घेऊन बसायची. आयुष्यभर तिने चांगलं कापड न दुखावता नको तो धागा कापला होता. त्याच कातरीने ती आता धूसर कापून टाकत होती आणि साफ तेवढं ठेवत होती. तिला माशीचं ओ की ठो माहीत नव्हतं. कडा कुठे संपते आणि धूर कुठे सुरू होतो, ते मात्र माझ्यापेक्षा तिला नीट दिसत होतं. मी शेजारी बसून खळ लावून देत होतो. कॅमेरा पक्का ठेवला होता, उचलली होती ती माशीच. त्यामुळे प्रत्येक तुकडा दुसऱ्याला बरोबर बसत होता, ना मोठा ना लहान. माग हलत नाही, कापड हलतं. नानांचं ते म्हणणं तेव्हा मला पटलं, आणि त्यांना ते सांगायची सोय राहिली नव्हती.

साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ते तुकडे चिकटत गेले. आधी डोळा, वीटकरी लाल. मग मान. मग पाठ, आणि पाठीवर ते खड्डे, सोनाराने हातोडीने घडवल्यासारखे. हिरवं कुठे संपतं आणि निळं कुठे लागतं ते कळेना. शेवटी ती लांब शेपटी, तीन तुकड्यांत. पुरी झाल्यावर मी पहिल्यांदा तिला पूर्ण बघितली. धाकटी नाचली होती ते उगाच नाही. मला तिची इतकी आठवण आली की मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. मायने कातर पुसून डब्यात ठेवली आणि स्वयंपाकाला लागली.

संध्याकाळी सातला माग थांबले. नाना आले, चप्पल बाहेर काढली. पुठ्ठा मायने खिडकीखाली, उजेडाला, भिंतीशी टेकवून ठेवला होता. तिने फक्त बोट केलं. नाना थांबले. मग माझ्याकडे वळले, आणि एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या मनात कितीतरी होतं. तोंडातून एवढंच निघालं, "नाना, बघा."

"आलो," ते म्हणाले.

ते पुठ्ठ्यासमोर मांडी घालून बसले. डावा डोळा पुसला. आणि पुढे वाकायच्या आधी त्यांनी गळ्यातला रुमाल काढून नाका-तोंडावर घट्ट दाबून धरला. मग वाकले, इतके जवळ की कपाळ पुठ्ठ्याला लागायला आलं. डोळ्यापासून शेपटीपर्यंत त्यांची मान हळूहळू सरकत होती.

माय त्यांच्यासमोर जाऊन बसली, ओठ दिसतील अशी. म्हणाली, "चिकटवलेली आहे. उडायची नाही आता."

त्यांनी ते वाचलं, मान हलवली. समोरचे माग पुन्हा सुरू झाले, फरशी थरथरायला लागली, खिडकीतला उजेड गेला. रुमाल त्यांनी तोंडावरून काढला नाही.